तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रिझोलांबद्दल एवढं का बोलता?

ब्राझीलचा विषय निघाला की मी राष्ट्राध्यक्ष झालेले लुला, बोल्सोनारो सोडून लिओनेल ब्रिझोलांवर येतो आणि मग ठरलेला प्रश्न येतोच, अहो हा माणूस राष्ट्राध्यक्ष तर कधी झालाच नाही, मग त्याचं एवढं काय?

मी राजकारण्याला एकाच गोष्टीवर तपासतो, खुर्ची हातात असताना पैसा कुठे घातला. ब्रिझोलांनी तो शाळांमध्ये घातला, तेही दोन वेगवेगळ्या राज्यांत. दोन राज्यांतल्या लोकांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलेला ब्राझीलच्या इतिहासातला हा एकमेव नेता. गव्हर्नर म्हणजे तिकडे लोकांनी निवडलेला राज्याचा प्रमुख, आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नाही.

जन्म 1922चा, दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, गरीब शेतकरी घरात, वडील पुढच्याच वर्षी तिथल्या बंडाळीत मारले गेले. मिळेल ते काम करत पोरगा इंजिनिअर झाला, राज्याची राजधानी पोर्तो अलेग्रेचा महापौर झाला आणि 1959 मध्ये त्याच राज्याचा गव्हर्नर. खेड्यापाड्यांत हजारोंनी लाकडी शाळा बांधल्या, लोक त्यांना ब्रिझोलेताच म्हणायला लागले. वीज आणि टेलिफोनच्या अमेरिकन मालकीच्या कंपन्या ताब्यात घेतल्या त्यामुळे वॉशिंग्टनही खवळलं.

पण खरा कस लागला 1961च्या ऑगस्टमध्ये. राष्ट्राध्यक्ष जानियो क्वाद्रोस यांनी तडकाफडकी राजीनामा दिला, उपराष्ट्राध्यक्ष जांगो गुलार्त चीन दौऱ्यावर, आणि तिन्ही सैन्यदलांचे मंत्री म्हणाले की गुलार्तना शपथ घेऊ देणार नाही. जांगो म्हणजे ब्रिझोलांच्या बायकोचा भाऊ, त्यामुळे मेहुण्यासाठी भांडतोय असं म्हणणारे होतेच, पण राज्यघटना गुलार्तच्याच बाजूने होती ना! ब्रिझोलांनी रेडिओ ग्वाइबा ताब्यात घेतला, गव्हर्नरच्या पिरातिनी राजवाड्याच्या तळघरात माइक लावला आणि बोलत राहिले, बाकीची रेडिओ स्टेशनं जोडली जात गेली, बाहेर चौकात माणसंच माणसं, राजवाड्यावर बॉम्ब टाकायचा हुकूम सुटला तर हवाई तळावरच्या सार्जंटांनी विमानंच उडू दिली नाहीत. शेवटी तिथल्या सैन्याचे प्रमुख जनरल माशादो लोपेससुद्धा घटनेच्या बाजूने आले. गुलार्तनी 7 सप्टेंबरला शपथ घेतली, पण राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी करायला मान्यता देऊन, आणि ही तडजोड ब्रिझोलांना अजिबात पटली नव्हती.

पुढे 1962 मध्ये ते रिओतून खासदार झाले, 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि 15 वर्षं परदेशात काढावी लागली. उरुग्वेने 1977 मध्ये हाकललं तेव्हा आसरा दिला कार्टरच्या अमेरिकेने, ज्यांच्या कंपन्या त्यांनी घेतल्या होत्या त्याच अमेरिकेने.

परत आल्यावर 1982 मध्ये रिओ दे जानेरोचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि इथून माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट सुरू होते. मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेरो यांची कल्पना, वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांचं डिझाइन, आणि सिएप नावाच्या दिवसभराच्या शाळा. गरीब वस्तीतलं पोर सकाळी येणार ते संध्याकाळी जाणार, मधे जेवण, आंघोळ, डॉक्टर, लायब्ररी, खेळ सगळं तिथेच. दोन टर्म मिळून (दुसरी 1991 पासून) अशा सुमारे 500 शाळा उभ्या राहिल्या. दोष होते, वर्गांच्या भिंती छतापर्यंत नव्हत्या म्हणून एका वर्गाचा गलका शेजारच्या वर्गात जायचा, शिक्षक वैतागायचे. महाग आहेत म्हणून टीका तर कायमच झाली, आणि 1987 मध्ये दुसऱ्यांचं सरकार आल्यावर योजना वाऱ्यावर सोडली गेली. मला विचाराल तर गरिबाच्या पोराला चांगली इमारत आणि पोटभर जेवण दिलं की ते लगेच महाग वाटायला लागतं, श्रीमंताच्या पोराच्या शाळेचा हिशोब असा कोणी मांडत नाही.

राष्ट्राध्यक्षपद हुकलं ते 1989 मध्ये. लुलांपेक्षा साडेचार लाखांच्या आसपास मतं कमी पडली आणि दुसऱ्या फेरीत लुला गेले, 1 कोटी 11 लाखांवर मतं घेऊनही ब्रिझोला बाहेर. तरी दुसऱ्या फेरीत त्यांनी लुलांनाच पाठिंबा दिला. जिंकले फर्नांदो कॉलोर, आणि त्या कॉलोरच्याच सरकारने सिएपवर बेतलेली देशपातळीची योजना आणली! नंतर कॉलोरवर भ्रष्टाचाराचे आरोप झाले तेव्हाही ब्रिझोला त्यांच्या बाजूने जरा जास्तच वेळ उभे राहिले, ते मला अजूनही खटकतं.

2004 मध्ये ते गेले. दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राचा कायदा झाला 2023 मध्ये, आणि त्यावर सही कोणाची, तर लुलांची.