तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचे दात मागे न्यायला हाडात स्क्रू कशाला?

दादरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न खुर्चीवरची मुलगी कमी विचारते, शेजारी पर्स घट्ट धरून उभी असलेली तिची आई जास्त. "तारा लावायच्या हे ठरलंच होतं, डॉक्टर. पण हाडात स्क्रू? आमच्या थोरलीचं तर नुसत्या तारांवर झालं." पोरीच्या जबड्यात स्क्रू घालणार म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. म्हणून नीट सांगते.

दात पुढे आलेले असले की बऱ्याचदा दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढावी लागते. प्रत्येक बाजूला साधारण 7 मिलिमीटर जागा मिळते. त्या जागेत पुढचे सहा दात मागे ओढायचे, पण कशाला धरून? दाढांना धरून ओढलं तर दाढाही पुढे सरकतात. रस्सीखेचीत दोन्हीकडची माणसं घसरतात तशा. दाढा 2-3 मिलिमीटर पुढे आल्या की तेवढी जागा वाया गेली. दात काढूनही ओठ हवा तेवढा आत जात नाही, आणि हे मला फार लागतं, कारण काढलेला दात परत देता येत नाही. पूर्वी यावर हेडगिअर होतं. डोक्याला पट्टा, रोज 12-14 तास. डोंबिवलीहून लोकलने कॉलेजला येणाऱ्या मुलीने ते घालायचं कधी?

वर्सोव्याच्या एका मुलीच्या बाबांना मी हे समजावत होते. ते मच्छीमार. मधेच म्हणाले, "म्हणजे नांगर टाकायचा." अगदी तेच. आमच्या शास्त्रातही या आधाराला अँकरेजच म्हणतात. आणि नांगर जसा तळाशी किंचित ओढला जातो, तसा हा स्क्रूही ताणाखाली थोडासा सरकू शकतो. म्हणून मुळांपासून अंतर राखूनच तो बसवायचा.

कल्पना जुनी आहे. 1945 मध्ये कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू घालून पाहिले होते, ते महिनाभरातच निखळले. 1997 मध्ये जपानचे दंततज्ज्ञ कानोमी यांनी जेमतेम 1.2 मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरून दाखवला, आणि त्यानंतर तो जगभरच्या दवाखान्यांत पोचला.

वर्सोव्याच्या त्याच मुलीला स्क्रू बसवला तो दिवस सांगते. एक्स-रे बघून दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमधली जागा ठरवली. हिरडीत थोडीशी भूल दिली. स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, 8 मिलिमीटर लांब. तो मी हातानेच फिरवते, सावकाश. हाडाचा वरचा कडक थर लागला की बोटांना कळतं, मग एकसारखी घट्ट पकड येते. तिला दाब जाणवत होता, दुखत नव्हतं. भूल मुद्दाम थोडीच देते. मुळाजवळ गेलं तर दात कळवळायला हवा, म्हणजे मी थांबते. स्क्रूचं डोकं तेवढं हिरडीबाहेर राहिलं, टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं. हा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायची वाट बघावी लागत नाही, पकड पेचाचीच असते. म्हणून त्याच दिवशी स्प्रिंग अडकवली, एका बाजूला सुमारे 150 ग्रॅम ताणाची.

पण स्क्रू लावला म्हणजे झालं, असं नाही. दाताला जिथून ओढल्यावर तो न कलंडता अख्खा सरकेल तो बिंदू वर, मुळात असतो. खालूनच ओढलं तर दाताचं टोक आत येतं, मूळ पुढेच राहतं, आणि हसू खुरटलेलं दिसतं. त्यासाठी तारेवर उंच हूक लावते आणि दर भेटीला पटाशीच्या दातांचा कल बघते. वेग महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. घाईने ताण वाढवला तर मुळांना इजा होऊ शकते. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून मी तो वाढवत नाही.

तिचा डावा स्क्रू सहाव्या आठवड्यात सैल झाला. दहातला एखादा असा होतोच. दुखलं नाही, पण तिला रडू आलं. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. चूक तिची नव्हती. तो काढून थोडा बाजूला दुसरा बसवला, तो शेवटपर्यंत टिकला.

आणि थोरलीचं म्हणाल, तर तिला दाढा थोड्या पुढे आलेल्या चालणार होत्या. धाकटीला चालणार नाहीत. स्क्रूभोवती मऊ ब्रश रोज फिरवायचा, हिरडी सुजू द्यायची नाही. हलतोय वाटलं तर जिभेने ढकलत बसू नका, पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.