चिंधीवरचा निळा रंग

कोकणातील एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात मी शस्त्रागाराचे काम पाहत होतो, त्या काळातील जुलै महिन्यातील ही गोष्ट आहे. वार्षिक शस्त्र तपासणी चार दिवसांवर आली होती आणि नव्याने रुजू झालेला आमचा तरुण शिपाई एक .38 वेब्ली रिव्हॉल्व्हर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तांबे विरघळवून निळे करणाऱ्या अमोनियाच्या द्रावणाने तो सकाळपासून नळी घासत होता. टेबलावर चाळीसेक चिंध्या पडल्या होत्या आणि शेवटच्या चिंधीचा रंगही पहिलीइतकाच गडद निळा होता. "साहेब, या नळीतले तांबे संपतच नाही," असे तो म्हणाला, तेव्हा त्याचा चेहरा अगदी उतरलेला होता.

मी प्रथम रिव्हॉल्व्हर मधोमध उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली. मग त्याला विचारले की इतके तांबे या नळीत आले कोठून. या रिव्हॉल्व्हरसाठीची आमच्याकडची .380 मार्क टू झेड जातीची काडतुसे खडकीच्या कारखान्यातील होती. त्यांच्या 178 ग्रेन, म्हणजे साधारण 11.5 ग्रॅम वजनाच्या शिशाच्या गोळीवर धातूचे कवच असते, आणि नळीत उरते ते या कवचाचेच तांबे. परंतु .303 रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 740 मीटर वेगाने निघते, तर या रिव्हॉल्व्हरची जेमतेम 190 मीटरने, त्यामुळे नळी गुळगुळीत असेल तर कवच फारसे खरवडले जात नाही. चाळीस चिंध्या निळ्या करील एवढे तांबे या नळीत असणे मला पटत नव्हते.

उत्तर त्याच्या हातातच होते. ज्या सळईला तो चिंधी गुंडाळत होता तिचे टोक पितळेचे होते, आणि ब्रशाचे तारही कांस्याचे होते. पितळ आणि कांस्य या दोन्हींत मुख्य धातू तांबेच. अमोनिया हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने ते विरघळवतो आणि त्यापासूनच तो गर्द निळा रंग तयार होतो. सकाळपासून तो बऱ्याच अंशी आपलीच सळई आणि ब्रश विरघळवत होता. यात त्याचा दोष नव्हता, कारण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही खिडक्या उघडल्या, प्लॅस्टिकच्या टोकाची सळई आणि नायलॉनचा ब्रश काढला. वेब्लीची एक मोठी सोय म्हणजे चक्र, म्हणजे काडतुसांच्या घरांचा फिरता भाग, उतरवले की नळी मागच्या बाजूने साफ करता येते आणि तोंडाशी रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या नागमोडी खाचांच्या, कडा सळईने झिजत नाहीत. मधोमध न उघडणाऱ्या, अखंड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तोंडाकडूनच सळई घालावी लागते, आणि हयगयीने केलेली सफाई तेथे गोळीबारापेक्षा अधिक नुकसान करते. आधी साध्या तेलाने बारुदाची काजळी काढली, कारण काजळीच्या थराखालील तांब्यापर्यंत अमोनिया पोहोचत नाही. मग द्रावण लावून दहा मिनिटे थांबलो. रात्रभर ठेवण्याची सवय काहींना असते, ती मला कधीच मान्य झाली नाही. पहिली चिंधी फिकट निळी आली, दुसरी त्याहून फिकट, आणि तिसरीवर फक्त एक बारीक निळी रेघ उमटली. ती मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी उमटत होती.

दिव्याखाली नळी धरली, तेव्हा चक्रापासून दीडएक इंचावर एका खाचेच्या कडेला तांबूस पट्टा दिसला. शिसे असते तर ते करड्या रंगाचे दिसले असते आणि अमोनियाला दाद दिली नसती. आणखी दोन वेळा द्रावण लावल्यावर पट्टा गेला, आणि त्याच्या खालून गंजाने पोखरलेले खड्डे वर आले.

जुन्या साठ्यातील काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळल्यावर उरणारा क्षार मिठासारखी हवेतील ओल ओढून घेतो. तेलाने तो निघत नाही, त्याला पाणीच लागते. जेथे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे हा क्षार एकदा नळीत राहिला की काय होते, ते आमच्यासमोर होते. प्रथम गंज, मग त्या खडबडीत जागेवर गोळीचे कवच खरवडले जाणे, मग साचलेल्या तांब्याखाली पुन्हा क्षार आणि ओल अडकणे, असा तो फेरा वर्षानुवर्षे चालला असावा. वरून प्रत्येक वेळी तेलाचा हात फिरत होता आणि नोंदवहीत "साफ" असा शेरा पडत होता. मला त्या शेऱ्याचे फार वाईट वाटले, कारण त्यांतील काही सह्या माझ्याच होत्या.

नळीतून उकळते पाणी ओतले, कोरड्या चिंध्यांनी ती पुसली आणि तेलाचा पातळ हात दिला. त्या शिपायाने खरकागदाविषयी विचारले, तेव्हा मी त्याला ठामपणे नको म्हणालो. खड्डे घासून जात नाहीत, उलट खाचांच्या धारा मात्र जातात. मग त्याच्याच हस्ताक्षरात मी नोंद करून घेतली: नळीस अंतर्गत गंजखड्डे, चक्राकडील टोकापासून दीड इंच, निरीक्षकांच्या निदर्शनास आणावे. खाली त्याची आणि माझी सही झाली, आणि पितळेच्या टोकाची ती सळई त्याने स्वतःच अमोनियाच्या बाटलीपासून दूर, वेगळ्या कपाटात नेऊन ठेवली.