आमची वाटचाल : खरिपाच्या हिशेबाने लेखन

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावात राहून लेखनावर घर चालवते म्हटलं, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "महिन्याला किती सुटतात?" महिन्याला असं काही सुटत नाही, हेच तर सांगायचं आहे.

आमची फर्म म्हणजे मी, डीटीपी करणारा माझा भाचा आणि बैठकीतलं एक टेबल.

कथा हे माझं पहिलं प्रेम, पण तिच्यावर किराणा भरत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, आणि पुढे मराठी कथेचं वर्षच दिवाळीभोवती फिरू लागलं. संपादक मजकूर मागतात पावसाळ्यात, म्हणजे इकडे कपाशी-सोयाबीनची पेरणी, डवरणी चालू असताना. अंक दिवाळीला. मानधन त्यानंतर, कधी कापसाच्या वेचणीत, कधी संक्रांत उलटल्यावर, कधी नुसती भेटप्रत. म्हणून कथा मी उन्हाळ्यातच लिहून ठेवते, लग्नसराई सांभाळून. पावसाळ्यातला घरखर्च निघतो तो शब्दांकन, मुद्रितशोधन आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून. निवृत्त मुख्याध्यापकांचे गौरवग्रंथही करतो. त्यात निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय पहिलं पान लावत नाही. साहित्यिक मंडळी या कामांना नाक मुरडतात. मुरडोत. धुऱ्याचे म्हणजे बांधाचे वाद, कापसाच्या जिनिंगवरची रांग, बचत गटातले रुसवेफुगवे हा सगळा ऐवज मला अहवालांसाठी फिरतानाच मिळाला.

एका मासिकाने माझी छापलेली कथा पुढे न विचारता एका संग्रहात घेतली. फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, मानधन दिलं होतं ना!" तेव्हा १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा नीट वाचून काढला. नोकरीत नसलेल्या लेखकाच्या कथेचा हक्क मुळात त्याचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आता प्रत्येक कथेसोबत एक ओळ जाते : 'फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी'. आजवर कोणी संपादक त्यावरून रुसलेला नाही.

खरी ओढाताण बोलीवरून झाली. एका अंकात माझ्या कथेतला सालदार छापून आला तो थेट सदाशिव पेठेतलं बोलत. भाच्याने अंक उघडून विचारलं, "आत्या, हा गडी कुठचा वं? आपल्या गावात असं कोणी बोलते काय?" त्यानंतर निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत, आणि संवादाला हात लावण्याआधी फोन करावा, असं मी आधीच कळवते. काही संपादक त्यावर कथा साभार परत पाठवतात. जे फोन करतात, त्यांच्याशी मात्र काम वर्षानुवर्षं टिकतं.

फाइल कुणाला युनिकोडमध्ये हवी, कुणाला अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. ते खातं भाच्याकडे. मानधनातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला गेला की तो प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत दिसतो का, हे मात्र मी स्वतः तपासते, कारण वजा झालेले दहा टक्के विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत.

यंदा गावातल्या दोघी मुलींना शब्दांकनाला सोबत घेतलंय. ध्वनिमुद्रण उतरवण्याचे पैसे त्यांना पानामागे मिळतात, तेही काम हातात पडल्याच्या आठवड्यात. दिवाळीची वाट त्यांना पाहावी लागत नाही.