तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या खिडक्यांवरच का?

पणजीत प्रदर्शन असो की घरी कुणी पाहुणा येवो, प्रश्न तोच. कॅनव्हास मिळतो, नवी काच मिळते, मग पाडलेल्या घरांच्या खिडक्या गोळा करून मागच्या बाजूने उलटं का रंगवतेस? पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात, दुसरा: घरं पडतायत म्हणून तुझं बरं चाललंय ना?

दुसऱ्याचं आधी. हो, घर पडतं तेव्हाच खिडकी माझ्याकडे येते. सुरुवातीला मी सांगायचे, मी ही घरं वाचवते. आता तसं म्हणवत नाही. एका झडपेने घर वाचत नाही. पण लाकूड सरपणाला जाताना आणि काच तिथेच फोडली जाताना मी पाहिलंय. मी नेली नसती तर खिडकी जागेवर राहिली असती, असं मात्र कुणी म्हणू नये.

गोव्यातल्या जुन्या घरांत आधी शिंपल्यांची तावदानं होती, काच मागाहून आली. आजची काच ज्या फ्लोट पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून, बनते ती जाहीर झाली १९५९ मध्ये. तशी काच अगदी सपाट असते. जुन्या काचेत लाटा असतात, मधेच मोहरीएवढा बुडबुडा. बघणाऱ्याने मान हलवली की मागचा रंगही किंचित हलतो. नव्या काचेत हे मला मिळत नाही.

उलटं रंगवणं समजावून सांगायला कठीण. कॅनव्हासवर जे शेवटी येतं ते इथे पहिलं: डोळ्यातली चमक, मग बुबुळ, मग डोळा, त्वचा, केस, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. पहिला ठिपका चुकला तर वरून रंग देऊन झाकत नाही, कारण समोरून तोच सगळ्यांच्या पुढे दिसतो. शिवाय डावं ते उजवं होतं. म्हणून मी पातळ कागदावर रेखाटन करते आणि ते काचेखाली पालथं ठेवते.

आईचं चित्र काढताना ठेवलं नाही.

आमच्या डिचोलीच्या घरातली स्वयंपाकघराची खिडकी वाळवीने गेली, तेव्हा तिची एक झडप मी ठेवून घेतली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिचा चेहरा मला पाठ, रेखाटन कशाला, असं वाटलं. फोटो समोर उभा केला आणि अकरा दिवस रंगवत होते. बाराव्या दिवशी झडप उलटी फिरवून भिंतीला टेकवली. काकी बघत राहिली आणि म्हणाली, "नथ उजवीकडे कशी गो? पदरसुद्धा?"

मला बसायलाच झालं. बाबा म्हणाले, "राहू दे बाय. आरशात ती स्वतःला अशीच बघायची."

मला वाटलं, समजूत घालतायत. रात्री सगळे झोपल्यावर पातं घेऊन बसले. खरवडताना रंग मागून पुढे निघतो. आधी पार्श्वभूमी गेली, मग केस, पदर, गाल. नथ गेली. मांडीवर रंगाची सालं पडत होती. शेवटी कोऱ्या काचेवर पांढरे दोन ठिपके उरले, तिच्या डोळ्यातल्या चमकेचे, मी सगळ्यात आधी टेकवलेले. तिथे हात चालला नाही.

कॅनव्हासवर नथ चुकली असती तर तासाभरात जागेवर आणली असती. तशी सोय नाही म्हणूनच मला काच हवी, असं मी लोकांना सांगते, आणि ते खरं आहे. पण त्या रात्री मला कॅनव्हासच हवा होता. चुकीचं चित्र ठेवायचं नाही, हे तेव्हा पक्कं वाटत होतं. आता बाबांचं वाक्य आठवलं की वाटतं, चुकीचं ते नव्हतंच. मग वाटतं, ठेवलं असतं तर दारातून आत येताना रोज आधी नथच दिसली असती.

तेव्हापासून रेखाटनाशिवाय मी ब्रश हातात घेत नाही. खिडक्या अजूनही आणते, उलटंच रंगवते. ती झडप ओसरीवर उभी आहे. बाबा आठवड्याला तिची काच पुसतात. मागच्या बाजूला आले की फडकं त्या दोन ठिपक्यांच्या कडेकडेने फिरवतात.