एका नळीला वर्ष का लागतं?

परभणीला गावी गेलो की भावकी विचारते, संभाजीनगरात कॉलेजची पोरं विचारतात: "पोकळ ॲल्युमिनियमची नळी ती, तिला वर्षभर काय करता?" आजवर विषय बदलत आलो. तुम्ही विचारलंतच, म्हणून सांगतो. ही नळी म्हणजे हॉर्न अँटेना: रेडिओलहरी आतून नेते आणि कर्ण्यासारख्या तोंडातून बाहेर सोडते.

आतून 22.86 मिलिमीटर रुंद नळी 6.56 गिगाहर्ट्झच्या खालचं काही पुढे जाऊ देत नाही, आणि 13.11 च्या वर दुसरा मोड, म्हणजे लहर आत पसरण्याची दुसरी तऱ्हा, उठतो. म्हणजे वापरता येणारा पट्टा फार तर दुप्पट. मला हवा होता 7.25 ते 14.5: एक्स बँड आणि केयू बँड या दोन वारंवारता-पट्ट्यांतले दोन्ही उपग्रह-दुवे एकाच हॉर्नमध्ये. बरोबर दुप्पट, म्हणजे साध्या नळीत बसतच नाही. मग आत वरून-खालून रिज, म्हणजे धातूचे उंचवटे, घालायचे. पहिली हद्द खाली सरकते, दुसरी वर. वर्गात मी हे एका आकृतीत उरकायचो.

वाळूजच्या एका वर्कशॉपला ड्रॉइंग दिलं. मशीनवरच्या काकांचा फोन आला, "साहेब, मागच्या पॉकेटच्या कोपऱ्यात रेडियस किती सोडू?" सिग्नल आणणाऱ्या कोएक्स केबलची पिन रिजमध्ये उतरते, तिच्या मागचं ते छोटं पॉकेट. मी घाईत म्हणालो, "सोडा तुमच्या कटरप्रमाणे." त्यांनी 6 मिलिमीटर व्यासाचा एंडमिल कटर लावला, कोपऱ्यात 3 मिलिमीटरची गोलाई राहिली. माझ्या सिम्युलेशनमधले कोपरे काटकोनी होते.

चाचणीला काम देणारे लोक समोर बसले होते. रिटर्न लॉस, म्हणजे उलटी येणारी पॉवर किती कमी आहे याचं माप, किमान 10 डेसिबल हवा होता, एका जागी तो 6 वर आला. म्हणजे दहाव्या हिश्शाऐवजी चौथा हिस्सा पॉवर उलटा येत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणालो, "मशीनिंग बिघडलंय." पार्ट घेऊन काकाच आले होते. दाराशी उभे होते. बोलले काहीच नाहीत.

रात्री मॉडेलमध्ये गोलाई घातली. ग्राफ त्याच जागी बुडाला.

सकाळी वाळूजला जाऊन चूक कबूल केली. "पुढच्या टायमाला ड्रॉइंगवर लिहून द्या," एवढंच म्हणाले. ज्यांच्यासमोर त्यांच्यावर ढकललं होतं, त्या लोकांना खरं सांगायला मात्र मी दोन महिने लावले.

वर्ष असं जातं, आळसात नाही. गोलाई धरून पॉकेट नव्यानं आखलं तर रिटर्न लॉस जमला, पण 14 गिगाहर्ट्झच्या पुढे बीम, म्हणजे हॉर्नमधून निघणारा लहरींचा झोत, दुभंगायला लागला. दोन रिजमधली फट कमी करावी तर इम्पीडन्स (लहरीला होणारा विरोध) घसरतो, पॉवर सोसवत नाही, आणि फटीतली बारीकशी चूकसुद्धा ग्राफवर उमटते.

पूर्वीचा मी म्हणायचा, दोन बँडला दोन हॉर्न लावा आणि मोकळे व्हा. त्याला मी वजन सांगतो, गाडीच्या टपावरची जागा सांगतो. ते खरंच आहे. पण काम देणाऱ्यांना पहिल्या बैठकीत "दोन चालतील का?" हे मी विचारलंच नव्हतं. अजूनही विचारलेलं नाही.