कुलूप पाठवायचं, किल्ली नाही

आमच्या वाचनालयातल्या जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं सर्व्हरवर चढवायचं काम माझ्याकडे आहे. फाइलझिला हा फाइली पाठवायचा प्रोग्राम उघडायचा, पासवर्ड टाकायचा, फाइली ओढून सोडायच्या आणि चहा टाकायला उठायचं. मग होस्टिंगवाल्यांनी कळवलं, महिनाभरात एफटीपी, म्हणजे फाइली पाठवायची ही जुनी पद्धत, बंद; पुढे फक्त एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत, तेही पासवर्डऐवजी किल्लीने, म्हणजे आपल्या संगणकावर बनवलेल्या गुप्त फाइलीने.

चाललंय ते चालू द्यायला यांचं काय जातं, म्हणून मी भाच्यापुढे कुरकुरले. त्याने वाद घातला नाही. माझ्याच लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्राम, लावला, नेहमीसारखं लॉगिन करायला सांगितलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. माझा पासवर्ड, मांजरीच्या नावासकट, जसाच्या तसा! "मावशी, वाटेत कोणी कान लावून बसला तर त्यालाही हेच दिसणार." हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात 1995 साली नेटवर्कवरून असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दोन संगणकांतलं बोलणं सांकेतिक करून पाठवायची सोय, लिहिलं, हेही त्याने सांगितलं. एसएफटीपी त्याच एसएसएचवर चालतं.

विंडोजमध्ये एसएसएच आधीपासूनच होतं. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत किल्ल्या बनवणारं एसएसएच-कीजेन चालवलं. पासफ्रेज, म्हणजे किल्लीचाच पासवर्ड, टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकाही नाही. कीबोर्ड बिघडला समजून मी दोनदा खिडकी बंद केली. अखेर दोन फाइली तयार झाल्या, एकीच्या शेपटाला 'पब'. मी बिनशेपटीची होस्टिंगवाल्यांना मेल करून टाकली.

भाच्याने कपाळावर हात मारला. "पबवाली म्हणजे कुलूप. ते कुणालाही दे. दुसरी किल्ली, ती घराबाहेर जायची नाही." पासफ्रेज होता म्हणून लगेच आभाळ कोसळलं नसतं, पण ती जोडी रद्द केली आणि नवी बनवली.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, दाखवून 'यस की नो' विचारलं. हात सवयीने 'यस'कडे गेला, पण या वेळी होस्टिंगच्या पॅनेलवर दिलेल्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर जुळवलं. आपण खऱ्या सर्व्हरशीच बोलतोय ना, हे ताडून बघायची वेळ हीच.

आणि तरी 'पर्मिशन डिनाइड', म्हणजे प्रवेश नाही. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. किल्ली बरोबर, कुलूप बरोबर. घोळ निघाला फोल्डरच्या परवानग्यांत: सर्व्हरवर माझं कुलूप ज्यात ठेवलं होतं त्या डॉट-एसएसएच फोल्डरला 775, म्हणजे गटातल्या कोणालाही त्यात लिहिता येईल अशी मुभा. अशा फोल्डरातल्या कुलपावर सर्व्हर विश्वासच ठेवत नाही, आणि कारण आपल्याला सांगतही नाही. मला तर हा शुद्ध आडमुठेपणा वाटतो. पॅनेलमधून फोल्डरला 700 आणि आतल्या फाइलीला 600, म्हणजे फक्त मालकालाच मुभा, दिलं, तेव्हा आत शिरता आलं.

पहिली मोठी फाइल 3 जीबीची. निम्म्यावर वीज गेली. आली तेव्हा फाइल चढवायच्या 'पुट' या आज्ञेऐवजी 'रीपुट' दिलं आणि ती राहिलेल्या जागेपासून पुढे सरकली. शेवटी दोन्हीकडचा आकार जुळवला, अंकाचं मलपृष्ठही उघडून पाहिलं. दंतमंजनाची जाहिरात ठीक दिसत होती.