आमची वाटचाल : ‘बोर्ड गेलाय’ ऐकून ऐकून

दुकान ठाण्याला नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळलं की जिन्याखाली आमचं वाजवायचे कीबोर्ड रिपेअर करायचं टेबल. सुरुवात रेडिओ-टेप रिपेअरनी झाली, कीबोर्ड आणला तो आतेभावाने, तोच पहिला पार्टनर. त्याला कान होता, मला हात. तो नुसता एक कॉर्ड दाबून सांगायचा कुठली की मार खातेय आणि मी स्क्रू काढायला घ्यायचो. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला, मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते स्टेशनकडच्या त्या शोरूमचं. नाव घेत नाही, त्यांना कळेल. त्यांनी एक्स्चेंज ऑफर काढली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला एकच उत्तर, ‘बोर्ड गेलाय, रिपेअर होत नाही, नवीन घ्या’. बोर्ड म्हणजे आतलं मेन सर्किट, आणि उघडून बघायचंसुद्धा नाही! वर काउंटरवर युनिव्हर्सल अडॅप्टर विकायला ठेवलेले, कुठलाही कीबोर्ड चालतो म्हणून. कसा चालेल? जुन्या कॅसिओला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत मायनस, यामाहाला बारा आणि आत प्लस. कॅसिओत उलटा लावला की आतला डायोड तरी शॉर्ट होतो नाहीतर पुढचं काहीतरी जळतं. आणि जळका कीबोर्ड घेऊन माणूस येणार आमच्याकडे, म्हणणार गेल्या वर्षी तुम्हीच उघडला होतात. गणपतीच्या आधीचे दोन महिने म्हणजे आमचं वर्षाचं भाडं, आणि त्या वर्षी टेबल रिकामं. भाडं बायकोच्या भिशीतून भरलं, मोबाईल रिपेअरचा क्लास लावायचं पण ठरलं होतं.

तेवढ्यात कळव्याचे ऑर्केस्ट्रावाले मामा आले. काही कीज मुक्या, काही हलकं दाबलं तरी किंचाळतात, संध्याकाळी प्रोग्राम. शोरूमने अर्थातच बोर्ड गेला सांगितलेलं. मी म्हटलं मामा, चहा घ्या. टच रिस्पॉन्सवाल्या कीबोर्डला प्रत्येक कीखाली रबर पट्टीत दोन कॉन्टॅक्ट असतात, काळे कार्बनचे ठिपके. आधी एक टेकतो मग दुसरा, मधल्या वेळावरून मशीन ठरवतं की किती जोरात दाबली. एकात धूळ गेली की हिशोब बिघडतो, मग की ओरडते नाहीतर गप्प बसते. बोर्डाचा काय संबंध? पट्टी काढली, खालचे ट्रॅक आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसले, ठिपक्यांवरून कापूस नुसता हलका फिरवला, सुकू दिलं, पट्टीची शेपटं परत भोकात बसवली (हेच सगळ्यात कंटाळवाणं काम, मी बोथट पेन्सिल वापरतो, टोकदार काही घातलं की रबर फाटतं). संध्याकाळी प्रोग्राम वाजला. त्यानंतर नवरात्रात ठाण्या-कळव्यातले निम्मे वाजवणारे मामांच्या नावाने यायला लागले. मामांकडून आजही लेबर घेत नाही, ते भांडून ठेवून जातात.

हत्यारं फार नाहीत. सोल्ड्रॉनची पंचवीस वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचा डीसोल्डर पंप, मल्टिमीटर. निम्म्या केसेस मल्टिमीटरवरच संपतात. वायर हलवली की कीबोर्ड चालू-बंद होतो, म्हणजे अडॅप्टरचं सॉकेट ड्राय सोल्डर, टाका नीट धरत नाही, दहा मिनिटांचं काम. स्पीकर बंद पण हेडफोनमध्ये आवाज येतो, म्हणजे हेडफोनच्या जॅकमधला स्विच अडकलाय, पिन चारपाच वेळा आत-बाहेर करून बघा, आमच्याकडे यायची पण गरज नाही. पेडल सोडल्यावर सूर लांबतोय, दाबल्यावर तुटतोय, म्हणजे कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर होता. आणि सगळी गाणी एकदम बेसूर वाटायला लागली तर आधी ट्रान्सपोज, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं बटण बघा हो, पोरं दाबून ठेवतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो, पावसाळ्यात बॅटरीचे सेल कीबोर्डात ठेवू नका, फुटले की स्प्रिंग हिरवी होते आणि ट्रॅक खाते. नवीन यामाहा अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो म्हणून रडत येतात, अहो ते ऑटो पॉवर ऑफ आहे, बऱ्याच मॉडेलमध्ये सगळ्यात डावीकडची की दाबून ठेवून चालू केलं की जातं. शोरूमवाला याच्यावरपण एकाला नवीन कीबोर्ड विकत होता, तो माणूस मला भेटलाय.